लिंक उजवीकडून वाचा : वेब पत्त्याचे भाग आणि खरं-खोटं ओळखण्याची रीत

सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा कामशेत, वडगाव, तळेगाव, लोणावळा इथल्या बायका मोबाईल घेऊन सायबर कॅफेत, नातेवाइकांकडे, शिक्षकांकडे धावत होत्या. महिन्याचे १५०० रुपये थांबतील ही भीती होती. त्याच दिवसांत अधिकृत संकेतस्थळासारखी दिसणारी बनावट संकेतस्थळं सर्चमध्ये पुढे येत असल्याच्या बातम्या आल्या. रंग तोच, फोटो तेच, आधार क्रमांकाची चौकटही तशीच. वेगळा होता तो फक्त वर दिसणारा पत्ता.

शिष्यवृत्तीचा हंगाम आला, हजचे अर्ज निघाले, द्रुतगती मार्गावरच्या कॅमेऱ्यांमुळे गाडीचं चलान आलं, की दर वेळी हेच होतं. ग्रुपवर लिंक येते, खाली 'जल्दी भरो, आखरी तारीख है' असं लिहिलेलं असतं आणि लोक बोट दाबतात. पालक विचारतात, "सर, ही लिंक खरी आहे का?" त्यावर हो किंवा नाही एवढं उत्तर देऊन भागत नाही, कारण उद्या दुसरी लिंक येणार आहे. म्हणून पत्ता स्वतः वाचायला शिकलेलं बरं. त्याला इंग्रजी फार यावं लागत नाही. अक्षरं ओळखता आली आणि टिंब कुठे आहे ते दिसलं की पुरे.

एक सूचना आधी. या लेखात पत्ते देवनागरीत, आपण बोलतो तसे लिहिले आहेत. तुमच्या फोनवर ते इंग्रजी अक्षरांत दिसतील. टिंबं आणि रेघा मात्र याच जागी असतील.

टपालाचा पत्ता आणि वेबचा पत्ता

आपण पाकिटावर लिहितो : मु. पो. कार्ला, ता. मावळ, जि. पुणे. आधी गाव, मग तालुका, मग जिल्हा. लहानाकडून मोठ्याकडे. आता नुसतं 'वडगाव' लिहिलं तर पत्र कुठे जाईल? वडगाव मावळ आहे, वडगाव शेरी आहे, वडगाव बुद्रुक आहे. कुठलं वडगाव ते पुढचा शब्द सांगतो. एकाच नावाची गावं आणि वेगवेगळ्या भाषांतले पत्ते यांचा घोळ मिटावा म्हणूनच १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात पिनकोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. लोणावळ्याचा ४१०४०१ आणि वडगाव मावळचा ४१२१०६ हे आकडे त्यातूनच आले.

इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था १९८३ मध्ये अमेरिकेतल्या पॉल मोकापेट्रिस यांनी मांडली. तीही अशीच आहे : लहान नाव डावीकडे, मोठं उजवीकडे. स्वल्पविरामाच्या जागी टिंब. म्हणून मालक कोण हे बघायचं तर उजव्या टोकाकडून सुरुवात करावी लागते.

आणि घोटाळा होतो तो इथेच. मराठी आणि इंग्रजी आपण डावीकडून वाचतो. फसवणाऱ्यांना हे पक्कं माहीत आहे, म्हणून ते ओळखीचं नाव डावीकडे ठेवतात. लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दुकानांवर सारख्याच नावाच्या पाट्या ओळीनं दिसतात, प्रत्येकीवर 'ओरिजिनल' लिहिलेलं. पाटी कोणीही रंगवू शकतो. दुकान कोणाचं ते आतल्या परवान्यावरून कळतं. पत्त्याचं उजवं टोक म्हणजे तो परवाना.

एक पत्ता उकलून बघू

एचटीटीपीएस://लाडकीबहिन.महाराष्ट्र.जीओव्ही.इन/ईकेवायसी

पहिला तुकडा, 'एचटीटीपीएस'. फोन आणि ते संकेतस्थळ एकमेकांशी कोणत्या पद्धतीनं बोलणार हे तो सांगतो. शेवटच्या 'एस'चा अर्थ एवढाच, की मधल्या वाटेवर तुमची माहिती तिसऱ्याला वाचता येत नाही. समोरचा माणूस प्रामाणिक आहे असा त्याचा अर्थ नाही. हे प्रमाणपत्र आज फुकटात आणि काही मिनिटांत मिळतं, चोरालाही मिळतं. लोक कुलपाचं चिन्ह बघून निर्धास्त होत होते, म्हणून गूगलच्या क्रोमनं २०२३ मध्ये पत्त्याच्या पट्टीतलं ते कुलूप काढूनच टाकलं.

मग विसर्गासारखी दोन टिंबं आणि दोन तिरप्या रेघा. या रेघा नुसत्या खुणेच्या आहेत. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी पुढे स्वतःच कबूल केलं, की त्या दोन रेघांची खरं तर गरज नव्हती.

मग येतो मुख्य तुकडा : दोन तिरप्या रेघांनंतर सुरू होणारा आणि पुढच्या पहिल्या एकेरी तिरप्या रेघेपाशी संपणारा. इथे तो 'लाडकीबहिन.महाराष्ट्र.जीओव्ही.इन' एवढा आहे. हा उजवीकडून वाचायचा. 'इन' म्हणजे भारत. 'जीओव्ही' म्हणजे सरकार. 'महाराष्ट्र' म्हणजे राज्य शासन. 'लाडकीबहिन' म्हणजे त्या शासनाच्या घरातली एक खोली. खोलीचं नाव घरमालक ठेवेल ते.

याच पत्त्यात इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'डी'नंतर एक 'ए' आहे, जो आपण सहसा लिहीत नाही. म्हणजे स्पेलिंग विचित्र वाटलं म्हणून पत्ता खोटा ठरत नाही आणि अगदी बरोबर दिसलं म्हणून खरा ठरत नाही. खोलीच्या नावावर भिस्त ठेवू नका, घर कोणाचं ते बघा.

एकेरी रेघेनंतरचा 'ईकेवायसी' हा आतला रस्ता, घरात शिरल्यावर कोणत्या कपाटाकडे जायचं ते सांगणारा. हा भाग डावीकडून उजवीकडे वाचायचा. मालक इथे हवं ते लिहू शकतो, म्हणून ओळख पटवायला याचा काही उपयोग नाही.

म्हणजे एकाच ओळीत दोन दिशा आल्या. बर्नर्स-ली यांनाही ही उलटसुलट मांडणी नंतर खटकली होती. सगळा पत्ता मोठ्याकडून लहानाकडे एकाच दिशेनं ठेवायला हवा होता, असं त्यांनी म्हटलं आहे. आपल्यातल्या उर्दू वाचणाऱ्यांना मात्र हे जड जाऊ नये. उर्दूत मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, पण त्यातच १९७२ सारखा आकडा आला की तो डावीकडून वाचतो. उर्दू शाळेतलं तिसरीतलं पोरही हे न अडखळता करतं. वेब पत्त्यात तेच करायचं : नाव उर्दूसारखं, रस्ता मराठीसारखा.

उजव्या टोकाला काय काय असतं

सगळी टोकं सारख्या भरवशाची नसतात. 'जीओव्ही.इन' हे टोक बाजारात विकत मिळत नाही. ते राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, फक्त सरकारी कार्यालयांना देतं. 'एसी.इन' आणि 'ईडीयू.इन' ही टोकं शिक्षणसंस्थांसाठी राखलेली आहेत.

बँकांसाठी रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये 'बँक.इन' हे वेगळं टोक आणलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांना त्यावर यायला सांगितलं. स्टेट बँकेचा पत्ता आता 'एसबीआय.बँक.इन' असा आहे. इथे 'बँक' आणि 'इन' यांच्यामध्ये टिंब हवं आणि हे दोन शब्द अगदी शेवटी हवेत.

याउलट 'कॉम', 'नेट', 'ओआरजी', 'को.इन', अगदी नुसतं 'इन'सुद्धा, थोडे पैसे भरून कोणालाही घेता येतं. 'ओआरजी' बघितलं की लोकांना वाटतं नोंदणीकृत संस्था असणार, ट्रस्ट असणार. तसं काही नाही. जकात किंवा मदतनिधीचं आवाहन 'ओआरजी'वर आहे, एवढ्यावर पैसे पाठवू नयेत.

उलट चूकही होते. 'जीओव्ही' दिसलं नाही म्हणून सगळंच खोटं नसतं. रेल्वे तिकिटांचं आयआरसीटीसी सरकारी कंपनीचं आहे, पण पत्ता 'आयआरसीटीसी.को.इन' असाच आहे. अशा वेळी पत्ता छापील तिकिटावरून, पासबुकावरून किंवा कार्यालयातल्या फलकावरून घ्यावा, फॉरवर्ड झालेल्या मेसेजवरून नाही.

फसवणुकीच्या पाच नेहमीच्या युक्त्या

पहिली, खरं नाव डावीकडे ढकलणं. नमुना म्हणून हा पत्ता बघा : 'स्कॉलरशिप्स.जीओव्ही.इन.अमुकफॉर्म.टॉप/अर्ज'. सुरुवात अगदी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलसारखी. पण पहिली एकेरी रेघ शोधा आणि तिथून मागे या : 'टॉप', मग 'अमुकफॉर्म'. मालक हा अमुकफॉर्म. डावीकडचं 'जीओव्ही.इन' ही त्यानं रंगवलेली पाटी. मोबाईलचा पडदा अरुंद असतो, मेसेजमध्ये लांब पत्त्याचा बराचसा भाग कापला जातो आणि दिसतं ते नेमकं ओळखीचं नाव.

दुसरी, टिंबाच्या जागी आडवी रेघ. 'हजकमिटी-जीओव्ही-इन.कॉम' हा नमुना घ्या. आडव्या रेघेनं जोडलेलं सगळं मिळून एकच नाव होतं, आणि टोक आहे 'कॉम'. भारताच्या हज कमिटीचा खरा पत्ता 'हजकमिटी.जीओव्ही.इन', टिंबांनी तोडलेला.

तिसरी, ओळखीचं नाव रस्त्यात घालणं : 'अमुकफॉर्म.टॉप/महाडीबीटी/महाराष्ट्र-शासन'. रेघेच्या उजवीकडे शासनाचं नाव कितीही वेळा आलं तरी घर अमुकफॉर्मचंच.

चौथी, 'ॲट'ची खूण, ईमेल पत्त्यात असते ती. पहिल्या एकेरी रेघेच्या आधी ही खूण आली, तर तिच्या डावीकडचा भाग संकेतस्थळाचं नाव म्हणून धरलाच जात नाही. खरं नाव खुणेनंतर सुरू होतं. एकेरी रेघेनंतर आली तर मात्र ती साधी असते, जशी यूट्यूबवर चॅनेलच्या नावाआधी येते.

पाचवी, सारखी दिसणारी अक्षरं. इंग्रजी 'ओ'च्या जागी शून्य, छोट्या 'एल'च्या जागी एक. 'आर' आणि 'एन' शेजारी लिहिले की 'एम'सारखे दिसतात. रशियन लिपीतलं 'ए'सारखं दिसणारं अक्षर तर डोळ्यांना वेगळं कळतच नाही. यावर उपाय एकच : पैशांचं किंवा आधारचं काम असेल तर लिंक दाबू नका, पत्ता स्वतः टाइप करा.

लघु-लिंक, क्यूआर आणि गूगल फॉर्म

काही पत्ते वाचूनही मालक कळत नाही. 'बिट.एलवाय'सारखी आखूड लिंक म्हणजे बुरखा घातलेला पत्ता. क्यूआर कोडचंही तेच. दोन्ही वापरायला हरकत नाही, पण उघडल्यावर पत्त्याच्या पट्टीवर बोट ठेवून पूर्ण पत्ता बघा आणि मगच काही भरा.

गूगल फॉर्मचा प्रकार वेगळा आहे. 'डॉक्स.गूगल.कॉम' हा पत्ता खराच गूगलचा आहे. पण फॉर्म कोणीही बनवू शकतो. घर गूगलचं, भाडेकरू कोण ते माहीत नाही. सरकारी योजनेसाठी गूगल फॉर्मवर आधार आणि बँक खात्याचा क्रमांक मागितला, की तिथेच थांबा.

लोणावळ्यात पावसाळ्यात बंगल्यांच्या बुकिंगमध्येही असंच होतं. फुकट मिळणाऱ्या जागेवर चार फोटो टाकून पान तयार होतं, पत्त्यात 'लोणावळा' आणि 'व्हिला' हे शब्द येतात, आगाऊ पैसे मागितले जातात. पाहुणा शनिवारी येऊन बघतो तर बंगल्याच्या राखणदाराला काहीच माहीत नाही. बाहेरगावचे नातेवाईक येणार असतील तर पैसे भरण्याआधी आपल्यापैकी कोणीतरी जागेवर जाऊन यावं.

चलानच्या मेसेजमध्ये आणखी एक गोष्ट बघा : रस्त्याच्या शेवटी 'एपीके' आहे का? ते पान नसतं, फोनमध्ये बसणारं ॲप असतं. चलान बघायला असं ॲप लागत नाही. महाराष्ट्राचं चलान 'महाट्रॅफिकईचलान.जीओव्ही.इन'वर दिसतं, देशपातळीवरचं 'ईचलान.परिवहन.जीओव्ही.इन'वर.

प्रश्नचिन्हानंतरचं शेपूट

रस्त्यानंतर कधी कधी प्रश्नचिन्ह येतं आणि त्यापुढे बरंच काही. ही त्या पानाला दिलेली चिठ्ठी. यूट्यूबच्या लिंकमध्ये 'टी=९०' असेल तर व्हिडिओ दीड मिनिटापासून सुरू होतो. वर्गात हे एकदा करून दाखवा, मुलं विसरत नाहीत. पण याच शेपटात अर्जाचा क्रमांक, मोबाईल नंबर किंवा लॉगिनची खूणही असू शकते. म्हणून आपला अर्ज भरून झाल्यावर उघड्या पानाची लिंक तशीच ग्रुपवर टाकू नका. फक्त मुख्य पत्ता पाठवा.

शेवटी जिन्याच्या खुणेसारखं '#' दिसलं, तर ते त्याच पानावरचं एखादं ठिकाण दाखवतं.

मराठी आणि उर्दू पत्त्यांचं काय?

विकिपीडियावर 'एमआर.विकिपीडिया.ओआरजी' म्हणजे मराठी खोली, 'यूआर.विकिपीडिया.ओआरजी' म्हणजे उर्दू खोली. घर एकच. मराठी खोलीतल्या लोणावळ्याच्या पानाची लिंक कॉपी करून बघा. गावाच्या नावाऐवजी टक्क्यांच्या खुणा आणि आकडे यांची माळ येते. अनेकांना तो व्हायरस वाटतो. तसं नाही. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, साठवायला तीन घरं लागतात आणि प्रत्येक घर टक्क्याची खूण व दोन अक्षरं असं लिहिलं जातं. म्हणजे एका चिन्हाला नऊ. 'लोणावळा'त सात चिन्हं आहेत, झाली ६३ अक्षरं. उर्दूच्या अक्षराला दोनच घरं लागतात. म्हणून मराठीत 'मावळ' ३६ अक्षरं घेतं आणि उर्दूत मीम, अलिफ, वाव, लाम मिळून २४. रस्त्याच्या भागात अशी माळ असेल तर घाबरू नका, नेहमीप्रमाणे नाव तपासा.

पूर्ण नावच आपल्या लिपीत असलेले पत्तेही आहेत. देवनागरीतलं '.भारत' हे टोक ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं, उर्दू लिपीतही ते आहे. पण तेही कोणालाही घेता येतं. आपल्या लिपीत आहे म्हणून आपल्या माणसाचंच असेल असं नाही.

घरी करून बघा

पुढचे चार पत्ते मुलांना द्या आणि मालक ओळखायला सांगा.

१. भूलेख.महाभूमी.जीओव्ही.इन
२. महाभूमी.सातबारा-मावळ.कॉम/जीओव्ही.इन
३. उमीद.मायनॉरिटी.जीओव्ही.इन
४. महाडीबीटी.महाराष्ट्र.जीओव्ही.इन@अमुकफॉर्म.टॉप

पहिला खरा, सातबारा बघायचा. डिजिटल सहीच्या सातबाऱ्याची खोली वेगळी आहे, पण घर हेच. दुसरा बनवलेला नमुना, मालक 'सातबारा-मावळ.कॉम', 'जीओव्ही.इन' रस्त्यात गेलं. तिसरा खरा, वक्फ मालमत्तांच्या नोंदणीसाठी जून २०२५ मध्ये सुरू झालेलं पोर्टल. मशीद-दर्ग्याच्या विश्वस्तांनी हा पत्ता लिहून ठेवावा. चौथा बनवलेला नमुना, मालक 'ॲट'नंतरचा.

फसवणूक झालीच तर

पैसे गेले असतील तर वेळ घालवू नका. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा, जितक्या लवकर तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. तक्रार 'सायबरक्राइम.जीओव्ही.इन'वरही करता येते. पोलिसांत जायचं तर लोणावळा, कामशेत, वडगाव मावळ ही ठाणी पुणे ग्रामीण पोलिसांकडे आहेत, तळेगाव दाभाडे मात्र पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतं. लिंक असलेला मेसेज रागाच्या भरात पुसू नका, तोच पुरावा असतो.

पैसे गेले नाहीत तरी नुकसान होऊ शकतं. खोट्या पानावर फॉर्म भरलेल्या आईला वाटतं काम झालं. खऱ्या पोर्टलवर नावच नसतं आणि मुदत संपून जाते. पोराची वर्षाची शिष्यवृत्ती अशी बुडते. म्हणून ग्रुपवर लिंक पुढे पाठवण्याआधी दहा सेकंद थांबा. पहिली एकेरी रेघ शोधा, तिथून उजवीकडून डावीकडे दोन-तीन शब्द वाचा. मालक ओळखीचा नसेल तर लिंक तुमच्यापाशीच थांबू द्या.